कुलाब्याचा काटा आणि सूर्याचा वारा

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. मीरा रोडला, हाटकेशमधल्या आमच्या घरात, पंखा बंद करून रेकॉर्ड करतोय. कारण मागच्या भागात पंख्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा येत होता असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलं. तर घाम पुसायला मध्येच थांबलो तर समजून घ्या.

आज सुरुवातीलाच एक काम देतो. तुम्ही हे ऐकताय त्या फोनमध्ये बहुतेक एक मॅग्नेटोमीटर आहे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारी चिप. नकाशात तुमचा निळा बाण कुठल्या दिशेला तोंड करून आहे, हे फोनला तिच्यावरून कळतं. तिचा आकडा दाखवणारी फुकट अॅप्स मिळतात. एखादं घ्या आणि बघा. मुंबईच्या आसपास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४४ मायक्रोटेस्ला आहे.

मी मघाशी पाहिलं. पलंगावर ५१ आला. लोखंडी कपाटाजवळ गेलो तर शंभरच्या वर. दाराशी उभा राहिलो, लिफ्ट वर गेली, आकडा हलला. म्हणजे माझ्या फोनला पृथ्वीपेक्षा आमची बिल्डिंगच जास्त दिसतेय. हे लक्षात ठेवा, शेवटी याच्याकडे परत यायचंय.

आता तुम्हाला नेतो २ सप्टेंबर १८५९ या दिवशी, मुंबईत कुलाब्याला. कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य येऊन वर्षही झालेलं नाही. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन सहा वर्षं झालीत. आणि कुलाब्याच्या वेधशाळेत एक माणूस बसलाय. समोर एक चुंबकपट्टी टांगलेली आहे. ती किंचित जरी हलली तरी दुर्बिणीतून मोजपट्टीवर ते वाचता येतं. त्याचं काम काय? दर तासाला बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा. वेधशाळा १८२६ सालची, चुंबकीय मोजणी १८४१ पासूनची. म्हणजे जवळपास वीस वर्षं कुणी ना कुणी तिथे बसून आकडे लिहितंय. जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणा ना.

आणि त्या दिवशी ती पट्टी वेड्यासारखी सरकायला लागते.

तिकडे काय चाललं होतं ते आधी सांगतो, मग कुलाब्याला परत येऊ.

सूर्य नुसता प्रकाश टाकत नाही. त्याचं बाहेरचं वातावरण, ज्याला प्रभामंडळ किंवा करोना म्हणतात, ते लाखो अंश तापलेलं असतं. इतकं की सूर्याचं गुरुत्व त्याला धरून ठेवू शकत नाही. ते सतत बाहेर वाहत राहतं. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, सुट्टे. हाच सौरवारा. वेग साधारण सेकंदाला ४०० किलोमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर मीरा रोड ते चर्चगेट सुमारे ४० किलोमीटर, लोकलने तासभर. सौरवारा हे अंतर एका सेकंदात दहा वेळा कापेल. तरी सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला त्याला चार दिवस लागतात. आणि तो विरळ किती? पृथ्वीजवळ एका घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे साखरेच्या एका खड्याएवढ्या जागेत, जेमतेम पाच-दहा कण. आपल्या प्रयोगशाळेतल्या निर्वातापेक्षाही विरळ.

या वाऱ्याची एक छान गोष्ट आहे, त्यात आपला माणूस आहे. १९५८ मध्ये शिकागोच्या युजीन पार्करने गणित मांडलं की असा वारा असायलाच हवा. ज्या दोन तज्ज्ञांकडे त्याचा लेख तपासायला गेला, त्या दोघांनीही तो नाकारला. पण त्या नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना फारशी पटली नव्हती म्हणतात, पण गणितात चूक सापडेना. त्यांनी लेख छापला. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने तो वारा प्रत्यक्ष मोजला. आवडलं नाही म्हणून फेकलं नाही, हा मुद्दा धरून ठेवा.

वारा एकटा येत नाही, सूर्याचं चुंबकीय क्षेत्र सोबत ओढत आणतो. पृथ्वीजवळ ते क्षेत्र किती? साधारण ५ नॅनोटेस्ला. मघाशी आपण ४४ मायक्रोटेस्ला म्हणालो, म्हणजे ४४ हजार नॅनोटेस्ला. ४४ हजारांसमोर पाच! मग याला घाबरायचं कशाला?

शाळेच्या पुस्तकात आपण वाचलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ही ढाल आहे. चित्रही आठवत असेल. डावीकडे सूर्य, उजवीकडे निळी पृथ्वी, भोवती कांद्याच्या पाकळ्यांसारख्या रेषा. सूर्याकडच्या बाजूला त्या दाबलेल्या, साधारण ६५ हजार किलोमीटरवर. मागच्या बाजूला लांबलचक शेपूट, चंद्राच्याही पलीकडे गेलेलं. वारा येतो, ढालीवर आपटतो, बाजूने निघून जातो.

हे खरंय, पण अर्धं. ती भिंत नाहीये, दार आहे. आणि कडी बाहेरच्या बाजूला आहे.

म्हणजे बघा. सूर्याच्या बाजूला, विषुववृत्ताच्या वर, पृथ्वीच्या चुंबकीय रेषा उत्तरेकडे तोंड करून असतात. सौरवाऱ्यासोबत आलेलं क्षेत्र पण उत्तरेकडे असेल, तर फारसं काही होत नाही. पण ते दक्षिणेकडे असेल, म्हणजे बरोबर उलटं, तर दोन्हीकडच्या रेषा तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. याला पुनर्जोडणी म्हणतात. जेम्स डंगी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये ही कल्पना मांडली. रेषा जोडल्या की वाऱ्यातली ऊर्जा आत शिरते, मागच्या शेपटात साठते आणि मग भसकन सुटते. ध्रुवांकडे अरोरा दिसतात ते यामुळे. आणि विद्युतभारित कण पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या पातळीत गोल फिरायला लागतात, त्याला रिंग करंट म्हणतात. या करंटचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं आणि ते जमिनीवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेने असतं. म्हणजे खाली मुंबईत बसलेल्या माणसाला काय दिसेल? आकडा कमी होताना दिसेल.

चला परत कुलाब्याला.

१ सप्टेंबर १८५९, इंग्लंडमध्ये सकाळचे सव्वाअकरा. रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा माणूस सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होता. अचानक त्या डागांमध्ये दोन पांढरे झगझगीत ठिपके चमकले आणि काही मिनिटांत विझले. नेहमीच्या वाऱ्याला चार दिवस लागतात. त्या दिवशी सूर्याने जे फेकलं ते साडेसतरा तासांत पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली, क्यूबापर्यंत अरोरा दिसला. आपल्याकडे तेव्हा दिवस होता, आकाशात बघण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त ती पट्टी सरकत होती.

आता गंमत ऐका. इंग्लंडमध्ये, ग्रिनिच आणि क्यू इथे, त्या काळातली लेटेस्ट यंत्रणा होती. फोटोच्या कागदावर आपोआप नोंद. माणूस लागतच नाही. पण वादळ इतकं मोठं होतं की रेघ कागदाच्या बाहेर गेली. आकडाच नाही! कुलाब्याला माणूस डोळ्याने वाचत होता. आणि त्याने काय केलं? यंत्र बिघडलं म्हणून वही मिटली नाही. तासाला एक नोंद घ्यायची, ती पंधरा मिनिटांनी घ्यायला लागला. मग पाच मिनिटांनी. आडव्या दिशेचं चुंबकीय क्षेत्र जवळपास १६०० नॅनोटेस्लांनी खाली आलं आणि त्याने ते वहीत लिहून ठेवलं.

पुढे १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी अमेरिकेतल्या ब्रूस त्सुरुतानी आणि इतरांसोबत शोधनिबंध लिहिला. कॅरिंग्टनचं वादळ नेमकं किती मोठं होतं, हे सांगायला त्यांनी कुलाब्याच्या त्याच नोंदी वापरल्या. एवढी मोठी घट फक्त रिंग करंटची, की वरच्या वातावरणातल्या आणखी प्रवाहांची, यावर आजही वाद चालतो. पण वाद घालायला आकडा तर आहे! अंतराळ हवामानावर काम करणारे लोक जगभर अजून तो वापरतात.

हे वाचलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटली. का ते सांगतो.

पाच वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत होतो. बीटेक करून नुकताच लागलेलो. थंड मालाच्या टेम्पोंमध्ये तापमानाचे सेन्सर असायचे, त्यांचा डेटा आमच्याकडे यायचा. सेन्सर स्वस्तातले, मध्येच काहीही आकडे द्यायचे. चार अंश, चार अंश, मग एकदम सत्तर. डॅशबोर्ड कुरूप दिसायचा. मला सांगितलं, साफ कर. मी कोड लिहिला: मागच्या आकड्यापेक्षा नवा आकडा पाच अंशांहून जास्त वेगळा असेल तर तो फेकून द्यायचा आणि मागचाच दाखवायचा. सगळे खूश. आलेख इस्त्री केल्यासारखा सरळ.

एका रात्री दुधाचा टेम्पो नाशिकहून भिवंडीकडे निघाला. कसारा घाटात नेटवर्क गेलं. तेवढ्यात त्याचं कूलिंग बंद पडलं. घाट उतरून नेटवर्क आलं तेव्हा सेन्सर सांगत होता बारा. माझ्या कोडने बाराला चारशी ताडून पाहिलं, चूक ठरवलं, फेकलं. मग तेरा आला, फेकला. चौदा, फेकला. रात्रभर स्क्रीनवर चार. ड्रायव्हर काकांनी फोन पण केला होता की मागून गार हवा येत नाहीये. त्यांना सांगितलं गेलं, इथे सगळं ठीक दिसतंय, या तुम्ही.

दूध नासलं. नुकसान काकांच्या नावावर लागलं. म्हणे दार उघडं ठेवलं असेल.

मला दुसऱ्याच दिवशी लॉग बघून कळलं होतं. सांगायला मी तीन दिवस लावले. सांगितलं, पैसे परत करायचं ठरलं. पण तोपर्यंत काका काम सोडून गेले होते. त्यांचा नंबरही बंद होता.

(इथे मी जरा थांबलो होतो, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईल.)

तर, कुलाब्याच्या त्या माणसाने जे केलं, त्याच्या बरोबर उलटं मी केलं होतं. विचित्र आकडा आला तेव्हा तो जास्त वेळा बघायला लागला. मी बघणंच बंद केलं.

बरं, पुढे. दुसऱ्या ग्रहांवर काय होतं? कारण पृथ्वीचं दार समजायचं तर शेजाऱ्यांची घरं बघावी लागतात.

बुध. चुंबकीय क्षेत्र आहे, पण पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास. आणि घर अगदी सूर्याला लागून. वारा जोराचा असला की त्याची ढाल पार जमिनीपर्यंत दाबली जाते.

मंगळ. त्याचं क्षेत्र जवळपास ४०० कोटी वर्षांपूर्वी विझलं. आता फक्त कवचातल्या खडकांमध्ये चुंबकत्वाचे तुकडे उरलेत, ठिगळांसारखे. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये आपलं मंगळयान तिथे पोचलं ते आठवतंय ना? त्याच्या दोन दिवस आधी नासाचं मेव्हन पोचलं होतं. मेव्हनने मोजलं की सौरवारा मंगळाचं वातावरण सेकंदाला साधारण १०० ग्रॅम ओरबाडतो. म्हणजे दर सेकंदाला एक वडापाव. किरकोळ वाटतं, पण कोट्यवधी वर्षं लावा. आणि सौर वादळात हा वेग वाढतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये याच मेव्हनने उलटा प्रकार पाहिला. सौरवारा अचानक अतिशय विरळ झाला, आणि मंगळाभोवतीचा चुंबकीय फुगा हजारो किलोमीटर बाहेर फुगला. वरचा दाब गेला की उशी फुगते, तसा.

मग निष्कर्ष सोपा ना? ढाल गेली, हवा गेली. थांबा. शुक्र बघा. त्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाहीच. आणि हवा? पृथ्वीच्या नव्वदपट दाबाची! तिथे वाऱ्यासोबत आलेल्या चुंबकीय रेषा वरच्या विद्युतभारित थराला अडतात, त्याच्याभोवती पडद्यासारख्या लोंबकळतात, आणि उसनी का होईना, एक ढाल तयार होते. शिवाय शुक्र वजनदार आहे, मंगळ हलका. वजनदार ग्रहाला हवा धरून ठेवणं सोपं जातं. तेव्हा ‘चुंबक आहे म्हणून हवा आहे’ असं रील दिसलं तर तिथे मोठ्ठं प्रश्नचिन्ह टाका. शुक्र हा त्या आलेखातला विचित्र आकडा आहे. फेकला तर चित्र सुंदर दिसतं आणि चुकतं.

गुरूचं तर सगळंच अवाढव्य. त्याचं चुंबकीय आवरण डोळ्यांना दिसलं असतं तर आपल्या आकाशात ते पौर्णिमेच्या चंद्राहून मोठं दिसलं असतं. आणि ते आवरण वाऱ्याच्या जिवावर चालत नाही. गुरूच्या आयो चंद्रावरचे ज्वालामुखी सेकंदाला सुमारे एक टन माल त्यात ओततात. घरातच चूल पेटलेली.

आता परत मुंबई, आणि माझ्या लिफ्टकडे.

विसावं शतक उजाडलं. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. तेव्हा कुलाबा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांच्या लक्षात आलं की ट्रामची वीज जमिनीतून वाहिली की चुंबकपट्टी सूर्याऐवजी ट्रामचं वेळापत्रक दाखवेल. माझ्या फोनने लिफ्ट दाखवली ना, तसं.

ट्राम तर थांबणार नव्हती, लोकांना ती हवीच होती. मूस यांनी खाडीपलीकडे जागा शोधली, अलिबाग. म्हणजे कुलाब्याहून निघाले आणि पोचले कुठे, तर कुलाबा जिल्ह्यात! रायगडचं नाव तेव्हा तेच होतं. इमारतीत लोखंड नाही, चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड निवडून आणला. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: १९०४ ते १९०६, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. जुन्या जागेचा आकडा आणि नव्या जागेचा आकडा जुळवता यावा म्हणून. सॉफ्टवेअरमधल्या मंडळींनो, आपण जुनी सिस्टिम बंद करून नवी चालू करतो तेव्हा दोन वर्षं दोन्ही चालवतो का? दोन दिवस चालवली तरी मॅनेजर बिल दाखवतो. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. तोवर काटा अलिबागला सुखरूप होता. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. अलिबागची मोजणी चालूच आहे.

मी गेल्या हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याची लाँच पकडून अलिबागला गेलो. मित्र किल्ला बघायला गेले, मी वेधशाळेच्या फाटकापाशी उभा. आत काही जाता आलं नाही. झाडं, शांतता, दुरून समुद्र. मित्र म्हणाला, “बंद फाटक बघायला आलास होय?” म्हटलं हो.

आज हे कशाला हवं? कारण आता फक्त तारयंत्रं नाहीत. १९८९ च्या मार्चमध्ये अशाच वादळाने कॅनडाच्या क्युबेकमध्ये दीड मिनिटात वीज गेली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात. २०२२ च्या फेब्रुवारीत एका साध्याशा वादळाने वरची हवा फुगली आणि स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह पडले. २०२४ च्या १० मे रोजी मोठं वादळ आलं, लडाखमध्ये हानलेला आकाश लाल झालं, अमेरिकेत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडले. ते वादळ साधारण ४०० नॅनोटेस्लांचं होतं. कुलाब्याचा आकडा होता १६००. आणि मुंबई अगदीच सुरक्षित असं समजू नका. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईत अरोरा दिसल्याची नोंद आहे. मुंबई–एडन तारेच्या समुद्राखालच्या केबलमध्येही त्या रात्री अडथळे आले होते.

आता आपला पहारेकरी वर आहे, आदित्य-एल१. २ सप्टेंबर २०२३ ला निघालं, म्हणजे कुलाब्याच्या त्या दिवसानंतर बरोबर १६४ वर्षांनी. तारीख जुळली हा योगायोग. १५ लाख किलोमीटरवर बसून ते वारा मोजतं, चुंबकीय क्षेत्राची दिशा पण. म्हणजे कडी उघडणार की नाही, ते. तिथून नेहमीचा वारा पृथ्वीवर यायला किती वेळ लागतो? तासाभराहून थोडा जास्त. मीरा रोड ते चर्चगेट. आपल्याला मिळते ती सूचना एवढीच. कॅरिंग्टनसारखं वादळ असेल तर त्याहूनही कमी.

म्हणून मागच्या नोंदी लागतात. तासाभरात निर्णय घ्यायचा तर सगळ्यात वाईट काय होऊ शकतं हे आधी माहीत हवं, आणि ते कुलाब्याच्या वहीत आहे.

तर आजचं काम. एक आठवडा, रोज एकाच वेळी, एकाच जागी, लोखंडापासून लांब, फोनवरचा आकडा वहीत लिहा. सौर वादळ तुम्हाला दिसणार नाही, खोटं सांगत नाही. १६०० नॅनोटेस्ला म्हणजे फोनवर जेमतेम दीड मायक्रोटेस्ला, त्याहून जास्त तर तुमच्या चाव्यांचा जुडगा हलवेल. पण रोज लिहिताना काय वाटतं ते कळेल. तिसऱ्या दिवशीच कंटाळा येतो, मी करून बघितलंय.

आणि एखाद्या दिवशी आकडा भलताच आला तर खोडू नका. बाजूला वेळ लिहा, आणि पाच मिनिटांनी परत बघा.

चला, पंखा लावतो. भेटू पुढच्या भागात.